लोकांच्या मालकीची वीज आणि शासनाचे साहाय्य

वीज निर्माण करण्यासाठी कोणते इंधन वापरावे, हा प्रश्न आता बऱ्याच अंशी सुटत चालला आहे. वारा, ऊन, वाहते पाणी आणि शेतातील टाकाऊ पदार्थ यांपासून वीज निर्माण करणे तांत्रिक दृष्ट्या शक्य आहे आणि ते परवडतेही. परंतु या विजेची मालकी कोणाची असावी, या प्रश्नाचा विचार त्या मानाने कमी झाला आहे. कोळशावर चालणाऱ्या वीजकेंद्राबाबत हा प्रश्न सहसा उद्भवत नाही. असे केंद्र उभारण्यास लागणारे भांडवल इतके प्रचंड असते, की शासन अथवा मोठी कंपनी यांखेरीज ते कोणाच्याच आवाक्यातले नसते. वारा आणि ऊन यांची गोष्ट निराळी आहे. ती गावोगाव उपलब्ध असतात, त्यांच्यासाठी लागणारी यंत्रे लहान प्रमाणावरही उभारता येतात आणि त्यांना जागा मात्र गावाचीच लागते. मग गावाने केवळ जागा द्यावी, की वीजनिर्मितीत भागीदारही व्हावे?

या प्रश्नाचे उत्तर लोकांच्या उत्साहावर जसे अवलंबून असते, तसेच ते शासनाच्या धोरणावरही अवलंबून असते. हे धोरण कसे असावे, याचा अभ्यास करण्यास डेन्मार्क या लहानशा देशाइतके बोलके उदाहरण दुसरे क्वचितच सापडेल. तेथे शासनाच्या साहाय्याने लोकांच्या मालकीच्या पवनचक्क्या उभ्या राहिल्या, आणि धोरण बदलताच त्यांची वाढ खुंटली. या दोन्ही अवस्थांपासून शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

पूर्वपीठिका

डेन्मार्कमध्ये सहकाराची परंपरा जुनी आहे. पश्चिम जटलंडमधील येडिंग या गावी १८८२ साली शेतकऱ्यांनी पहिली सहकारी दुग्धशाळा स्थापन केली आणि अल्पावधीतच दूध, लोणी व मांसप्रक्रिया हे व्यवसाय मोठ्या प्रमाणावर शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांकडे आले. वीजपुरवठ्याच्या क्षेत्रातही पुढे हेच घडले. वीज वाटप करणाऱ्या बहुतेक संस्था ग्राहकांच्या सहकारी संस्था तरी होत्या, नाही तर नगरपालिकांच्या मालकीच्या तरी होत्या.

वाऱ्यापासून वीज निर्माण करण्याच्या प्रयोगांचा इतिहासही तेथे तितकाच जुना आहे. आस्कोव्ह येथील लोकविद्यालयातील शिक्षक पॉल ला कूर यांनी १८९१ साली शासनाच्या साहाय्याने एक प्रायोगिक पवनचक्की उभारली. तिच्या विजेने पाण्याचे पृथक्करण करून मिळालेल्या हायड्रोजनवर त्यांनी विद्यालयात दिवे लावले. खेड्यापाड्यांत काम करू शकतील असे वीजतंत्रज्ञ तयार करण्यासाठी त्यांनी वर्गही चालविले. या वर्गातून शिकून बाहेर पडलेल्या योहानेस यूल यांनी १९५७ साली गेडसर येथे २०० किलोवॅट क्षमतेची तीन पात्यांची पवनचक्की उभारली. ती १९६७ पर्यंत चालली. मात्र तेल स्वस्त असल्याने तिच्याकडे पुढे कोणी फारसे लक्ष दिले नाही.

तेलटंचाई आणि लोकांचा पुढाकार

१९७३ सालच्या तेलसंकटाने परिस्थिती एकदम पालटली. त्या वेळी डेन्मार्कची सुमारे ९० टक्के ऊर्जेची गरज आयात तेलावर भागविली जात होती. रविवारी मोटारी चालविण्यास बंदी घालण्याची पाळी शासनावर आली. अणुवीज केंद्रे उभारावीत, असा एक विचार पुढे आला, परंतु लोकांमधून त्याला जोरदार विरोध झाला आणि १९८५ साली तेथील संसदेने अणुवीज आपल्या ऊर्जा आराखड्यातून वगळली.

विरोध करणाऱ्यांनी केवळ विरोध करून न थांबता पर्यायाचाही शोध सुरू केला, ही या चळवळीची विशेष गोष्ट होय. क्रिस्टियन रीसागर नावाच्या एका सुताराने १९७० नंतरच्या दशकात गेडसरच्या धर्तीवर २२ किलोवॅटच्या लहान पवनचक्क्या तयार केल्या. ट्विंड येथील शाळेच्या शिक्षकांनी व विद्यार्थ्यांनी मिळून एक प्रचंड पवनचक्की स्वतःच्या हातांनी बांधली. ती १९७८ साली सुरू झाली. याच वर्षी पवनचक्की मालकांनी आपली संघटनाही स्थापन केली. कोणत्या कारखान्याच्या कोणत्या चक्कीने किती वीज दिली, याची माहिती जमवून ती आपल्या मासिकातून प्रसिद्ध करण्याचा उपक्रम या संघटनेने चालविला. त्यामुळे नव्या ग्राहकास विक्रेत्याच्या शब्दावर विसंबून राहण्याची गरज उरली नाही.

पवनचक्की मंडळाची रचना

१९८० पासून जटलंडमध्ये पवनचक्की मंडळे स्थापन होऊ लागली. त्यांची रचना समजावून घेण्यासारखी आहे. एकट्या कुटुंबाला एक चक्की परवडत नसे आणि तिची सर्व वीज त्या कुटुंबाला लागतही नसे. म्हणून शेजारपाजारची वीस, पन्नास किंवा शंभर कुटुंबे एकत्र येऊन एक चक्की विकत घेत. चक्कीपासून वर्षाला जितकी वीज मिळणे अपेक्षित असेल, तिचे प्रत्येकी १,००० युनिटचे भाग पाडले जात आणि प्रत्येक कुटुंब आपल्या गरजेनुसार भाग घेई. आपला भाग म्हणजे किती पैसे, हे सांगण्याऐवजी आपला भाग म्हणजे किती वीज, हे सांगण्याची ही पद्धत सामान्य माणसाला चटकन समजणारी होती.

कायद्याच्या दृष्टीने ही मंडळे भागीदारी संस्था होत्या. भागीदारीत प्रत्येक भागीदाराची जबाबदारी अमर्याद असते. तेव्हा एकाच्या कर्जापायी दुसऱ्याचे घर जाऊ नये, यासाठी मंडळाच्या नावावर कर्ज काढावयाचे नाही, असा नियम पोटनियमांतच केला जाई. ज्याला कर्जाची आवश्यकता असे, तो आपल्या भागाच्या तारणावर बँकेकडून व्यक्तिशः कर्ज घेई. चक्कीचा विमा उतरविला जाई. दुरुस्तीसाठी राखीव निधी ठेवला जाई. मताचा अधिकार भागांच्या संख्येवर न ठरता माणशी एक मत, ही सहकाराची रीत पाळण्याकडे मंडळांचा कल असे.

विसाव्या शतकाच्या अखेरीस डेन्मार्कमधील एक लाखाहून अधिक कुटुंबे अशा प्रकारे पवनचक्क्यांची भागीदार झाली होती. सुमारे पन्नास लाख वस्तीच्या देशात ही संख्या लहान नाही.

शासनसाहाय्याची चार अंगे

एवढी मोठी चळवळ केवळ उत्साहावर उभी राहत नाही. तिच्यामागे शासनाचे साहाय्य होते, परंतु ते केवळ अनुदानाच्या स्वरूपाचे नव्हते. त्याची चार अंगे स्पष्टपणे दिसतात.

पहिले अंग भांडवली अनुदानाचे. १९७९ साली शासनाने पवनचक्कीच्या किमतीच्या ३० टक्के अनुदान देण्यास आरंभ केला. पण त्यास एक अट होती. रिसो येथील संशोधन केंद्रातील चाचणी स्थानकाने मान्यता दिलेल्या चक्कीलाच हे अनुदान मिळे. रिसो हे मूळचे अणुसंशोधनाचे केंद्र. तेथे १९७८ साली पवनचक्क्यांसाठी हे चाचणी स्थानक सुरू करण्यात आले. वादळात पाती अनिर्बंध फिरून यंत्र मोडू नये म्हणून प्रत्येक चक्कीला एकाहून अधिक स्वतंत्र रोधक यंत्रणा असावी, असा आग्रह या स्थानकाने धरला. अनुदानाची गाठ अशा प्रकारे गुणवत्तेशी घातल्याने दोन गोष्टी साधल्या. लोकांचे पैसे निकृष्ट यंत्रात अडकले नाहीत आणि देशात भक्कम यंत्रे तयार करणारा उद्योग उभा राहिला. यंत्रे जसजशी सुधारली, तसतसे अनुदान कमी करण्यात आले आणि १९८९ साली ते बंदही झाले. अनुदान बंद झाल्यावरही चळवळ थांबली नाही, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

दुसरे अंग हमीभावाचे. शेतकऱ्याला पीक हाती येण्यापूर्वी भावाची खात्री हवी असते, तशीच ती वीज निर्माण करणाऱ्या लहान मालकालाही हवी असते. पवनचक्कीचा जवळजवळ सर्व खर्च आरंभीच करावा लागतो आणि तो पुढील अनेक वर्षांत भरून निघतो. तेव्हा पुढील वर्षांत वीज कोण घेईल व काय भावाने घेईल, हे ठाऊक असल्याशिवाय बँक कर्ज देत नाही. १९८४ मध्ये वीज कंपन्या व पवनचक्की मालक यांच्यात दहा वर्षांचा करार झाला. त्यानंतर १९९२ साली कायद्यानेच असे ठरविण्यात आले, की ग्राहकाला पडणाऱ्या करविरहित दराच्या ८५ टक्के भाव वीज कंपन्यांनी पवनचक्कीच्या विजेला द्यावा. यावर कार्बन कराचा परतावा व उत्पादन अनुदान मिळून दर युनिटला ०.२७ क्रोन शासनाकडून मिळत.

तिसरे अंग वीजजाळ्यात प्रवेशाचे. निर्माण झालेली वीज जाळ्यात घेणे हे वीज कंपन्यांवर बंधनकारक होते. चक्कीपासून जवळच्या वाहिनीपर्यंतच्या जोडणीचा खर्च मालक करी. मात्र पुढील जाळे बळकट करण्याचा खर्च वीज कंपनीकडे होता. हा मुद्दा रूक्ष वाटला तरी निर्णायक आहे. जाळ्याच्या बळकटीकरणाचा सर्व भार पन्नास कुटुंबांच्या मंडळावर पडला असता, तर एकही मंडळ उभे राहू शकले नसते.

चौथे अंग स्थानिकत्वाचे. चक्कीचे भाग तिच्या परिसरात राहणाऱ्यांनाच घेता येत आणि तेही आपल्या घरगुती वापराच्या प्रमाणात ठरलेल्या मर्यादेपर्यंतच. या मर्यादेतील लहान भागधारकांच्या उत्पन्नावर आयकरात सवलत होती. दूरच्या धनिकाने सर्व भाग खरेदी करून टाकावेत, याला या नियमांनी वावच ठेवला नाही. शिवाय चक्कीचा आवाज व तिची पडछाया ज्यांना सोसावी लागे, तिचा लाभही त्यांनाच मिळू लागला. त्यामुळे तक्रारीचे मूळच बऱ्याच अंशी नाहीसे झाले.

दोन प्रकल्प

या धोरणाची फळे कशी दिसतात, हे दोन प्रकल्पांवरून सांगता येईल.

साम्सो हे सुमारे चार हजार वस्तीचे बेट. १९९७ साली शासनाने एक स्पर्धा घेतली. एखाद्या बेटाने दहा वर्षांत आपली ऊर्जा अपारंपरिक साधनांतून कशी मिळवावी, याचा आराखडा मागविण्यात आला, आणि त्यात साम्सोची निवड झाली. बेटावर गावोगाव सभा घेण्यात आल्या. कोठे चक्की उभारावी, कोणी भाग घ्यावेत, गवताच्या काडावर चालणारी सामुदायिक उष्णता केंद्रे कोठे असावीत, हे लोकांनीच चर्चा करून ठरविले. २००० सालापर्यंत जमिनीवर प्रत्येकी १ मेगावॅटच्या ११ चक्क्या उभ्या राहिल्या. त्यांपैकी ९ शेतकऱ्यांच्या आणि २ लहान भागधारकांच्या मालकीच्या होत्या. त्यानंतर २००२-०३ मध्ये समुद्रात २.३ मेगावॅटच्या १० चक्क्या उभारण्यात आल्या. त्यांपैकी ५ नगरपालिकेने घेतल्या. मोटारी व जहाजे यांना लागणाऱ्या तेलाची भरपाई या समुद्रातील विजेने व्हावी, असा त्यामागील हिशेब होता.

दुसरा प्रकल्प राजधानी कोपनहेगनजवळच्या मिडेलग्रुंडेन या उथळ समुद्रातील. २००० साली तेथे प्रत्येकी २ मेगावॅटच्या २० चक्क्या उभारल्या गेल्या. त्यांपैकी १० शहराच्या वीज संस्थेच्या आणि १० नागरिकांच्या सहकारी मंडळाच्या. मंडळाने ४०,५०० भाग विक्रीस काढले. एका भागाची किंमत ४,२५० क्रोन होती आणि एक भाग म्हणजे वर्षाला १,००० युनिट, हा जुनाच हिशेब येथेही ठेवला गेला. साडेआठ हजारांहून अधिक लोकांनी हे भाग घेतले. म्हणजे सरासरीने माणशी पाचांहूनही कमी भाग. राजधानीच्या किनाऱ्यावरून दिसणाऱ्या या चक्क्यांच्या आकारावरून व रचनेवरून वाद झालाच. परंतु सभासदांनी सभांतून तो सोडविला आणि प्रकल्पाची रचना लोकांच्या सूचनेनुसार बदलण्यात आली.

नियम बदलले तेव्हा

१९९९ साली डेन्मार्कने वीज क्षेत्रात सुधारणा केली. निश्चित भावाऐवजी बाजारभाव व त्यावर अल्पशी रक्कम, असे धोरण आले. स्थानिक रहिवासाची अट शिथिल होत होत अखेर नाहीशी झाली. त्याच सुमारास चक्क्यांचा आकारही वाढला आणि एका चक्कीची किंमत अनेक पटींनी वाढली. परिणामी नवी मंडळे निघणे जवळजवळ थांबले. जुन्या मंडळांचे भाग गुंतवणूकदारांनी विकत घेतले. देशात जमिनीवर नव्या चक्क्या उभारण्याचे काम काही वर्षे मंदावले, आणि जेथे त्या उभारावयाच्या ठरल्या तेथे गावकऱ्यांचा विरोध वाढू लागला. चक्की तीच, वारा तोच, परंतु मालक बाहेरचा असल्यामुळे तिचा आवाज अधिक त्रासदायक वाटू लागला.

हे ध्यानी आल्यावर २००८ सालच्या कायद्याने शासनाने काही उपाय योजले. नव्या प्रकल्पाच्या मालकाने किमान २० टक्के भाग उत्पादनखर्चाच्या किमतीने स्थानिकांना देऊ करावेत. साडेचार किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांना त्यात अग्रहक्क असावा. स्थानिक मंडळांना प्राथमिक पाहणी करता यावी म्हणून कर्जास पाच लाख क्रोनपर्यंत शासनाची हमी असावी. यांपैकी शेवटची तरतूद विशेष महत्त्वाची आहे. वाऱ्याची मोजणी, जागेची पाहणी, परवाने यांवर होणारा खर्च प्रकल्प होणार की नाही हे ठरण्यापूर्वीच करावा लागतो. कंपनीला दहा प्रकल्पांपैकी दोन फसले तरी चालतात. गावाचा एकच प्रकल्प असतो आणि तो फसला, तर सगळेच गमावते.

या तरतुदींचा उपयोग कोठे चांगला झाला, तर व्हिडे सांडे या मासेमारी बंदराच्या गावी. तेथे बंदरालगत ३ मेगावॅटच्या तीन चक्क्या उभारण्यात आल्या. त्यांचे ८० टक्के भाग गावाच्या प्रतिष्ठानाकडे व २० टक्के रहिवाशांकडे राहिले, आणि मिळणारे उत्पन्न गावाच्या विकासासाठी वापरले जाऊ लागले. इतरत्र मात्र २० टक्क्यांची तरतूद बरीचशी औपचारिक ठरली. आराखडा पक्का झाल्यावर भाग देऊ केले, तर तो केवळ गुंतवणुकीचा प्रस्ताव होतो. निर्णयात सहभाग त्यातून मिळत नाही. २०२० साली ही पद्धत रद्द होऊन तिच्या जागी शेजाऱ्यांना वार्षिक रक्कम देण्याची पद्धत आली. अशी रक्कम मिळाल्याने त्रासाची भरपाई होते, परंतु मालकी मिळत नाही.

व्याख्येचा प्रश्न

लोकांच्या मालकीला सवलत देताना ‘लोक’ म्हणजे कोण, हे काटेकोरपणे ठरवावे लागते. याचा धडा शेजारच्या जर्मनीने दिला. तेथे २०१७ साली पवनऊर्जेसाठी लिलाव पद्धती सुरू झाली. नागरिकांच्या संस्थांना लिलावात टिकता यावे म्हणून, परवाना हाती नसतानाही बोली लावण्याची मुभा व बांधकामास अधिक मुदत, अशा सवलती देण्यात आल्या. त्या वर्षीच्या लिलावांत ९० टक्क्यांहून अधिक क्षमता अशा ‘नागरी’ संस्थांनाच मिळाली. परंतु त्यांपैकी अनेक संस्था मोठ्या व्यावसायिकांनी सवलत मिळविण्यासाठी पुढे केलेल्या होत्या. पुढील वर्षी या सवलती स्थगित कराव्या लागल्या. कागदावरील सभासद आणि खरा सभासद यांतील फरक ओळखण्याची व्यवस्था नसेल, तर सवलत भलत्याच ठिकाणी जाते, हा याचा अर्थ.

भारतातील काही प्रयोग

भारतात करसवलतीने मालकीला कसे वळण लागते, याचे उदाहरण पवनऊर्जेतच आहे. १९९० नंतरच्या काळात पवनचक्कीच्या किमतीवर पहिल्याच वर्षी प्रथम १०० टक्के व नंतर ८० टक्के घसारा करपात्र उत्पन्नातून वजा करण्याची मुभा होती. महाराष्ट्रात विक्रीकरातही सवलत होती. या सवलतींमुळे देशात पवनऊर्जा झपाट्याने वाढली आणि सातारा जिल्ह्यातील वनकुसवडेचे पठार चक्क्यांनी भरून गेले. परंतु घसाऱ्याचा लाभ ज्याला मोठा करपात्र नफा आहे त्यालाच होतो. शेतकऱ्याला, ग्रामपंचायतीला अथवा बचत गटाला त्याचा उपयोग नाही. त्यामुळे चक्क्या कंपन्यांच्या झाल्या आणि गावाच्या वाट्याला मुख्यतः जमिनीची किंमत व थोडा रोजगार आला. डेन्मार्कनेही करसवलत दिली होती, पण ती लहान भागधारकाला दिली होती. सवलत एकाच प्रकारची, पण ती कोणाच्या हाती ठेवली यावर मालकी ठरली.

याला अपवाद म्हणून दोन प्रयोगांचा उल्लेख करता येईल. तामिळनाडूतील कोइमतूर जिल्ह्याच्या ओडनतुरै ग्रामपंचायतीने २००६ साली सुमारे १ कोटी ५५ लाख रुपये खर्चून ३५० किलोवॅटची पवनचक्की घेतली. त्यातील काही रक्कम पंचायतीच्या बचतीतील होती व उरलेली बँकेच्या कर्जाची. पंचायतीच्या पाणीपुरवठ्याला व दिवाबत्तीला लागणाऱ्या विजेहून अधिक वीज ही चक्की निर्माण करू लागली आणि शिल्लक वीज राज्याच्या वीज मंडळास विकली जाऊ लागली.

दुसरा प्रयोग गुजरातमधील खेडा जिल्ह्यातील धुंडी गावाचा. तेथे २०१६ साली सौर पंप वापरणाऱ्या सहा शेतकऱ्यांनी सहकारी मंडळी स्थापन केली. सिंचनास लागेल तेवढी वीज वापरून उरलेली वीज मंडळीच्या एकाच मापकातून वीज कंपनीला द्यावयाची, अशी योजना होती. कंपनीने २५ वर्षांसाठी दर युनिटला ४ रुपये ६३ पैसे देण्याचा करार केला. शेतकऱ्यांनी त्या मुदतीसाठी सवलतीच्या वीजजोडणीवरील आपला हक्क सोडला. उरलेल्या विजेला भाव मिळाल्याने पंप विनाकारण चालू ठेवण्यापेक्षा बंद ठेवणे फायद्याचे ठरू लागले. भूजलाच्या दृष्टीने हा लाभ लहान नाही.

२०१९ साली केंद्र शासनाने ‘कुसुम’ योजना सुरू केली. तिच्या पहिल्या घटकात पडीक व शेतजमिनीवर ५०० किलोवॅट ते २ मेगावॅट क्षमतेचे सौर प्रकल्प उभारण्यास शेतकरी, शेतकऱ्यांचे गट, सहकारी संस्था, ग्रामपंचायती, शेतकरी उत्पादक संस्था व पाणीवापर संस्था यांना पात्र ठरविण्यात आले. लोकांच्या मालकीसाठी दार उघडणारी ही तरतूद आहे. दारातून आत जाण्यास मात्र भांडवल, कर्ज आणि तांत्रिक सल्ला यांची जोड हवी.

महाराष्ट्राच्या दृष्टीने

शेतकऱ्याला दिवसा वीज मिळावी या हेतूने महाराष्ट्रात २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू झाली. २०२३ पासून तिचा दुसरा टप्पा राबविण्यात आला. त्यात प्रकल्पासाठी भाड्याने दिलेल्या खासगी जमिनीस वर्षाला हेक्टरी १ लाख २५ हजार रुपये भाडे ठरविण्यात आले. रात्री-अपरात्री पाणी द्यावयास जाण्याचा त्रास ज्याने सोसला आहे, त्याला दिवसाच्या विजेचे मोल सांगावयास नको. कोरडवाहू जमिनीला निश्चित भाडे मिळणे, हीही मोठी गोष्ट आहे.

तथापि भाडे आणि मालकी यांतील अंतर एका ढोबळ हिशेबावरून स्पष्ट होईल. १ मेगावॅटच्या सौर प्रकल्पास सुमारे २ हेक्टर जमीन लागते. म्हणजे भाडे झाले वर्षाला अडीच लाख रुपये. असा प्रकल्प वर्षाला सुमारे १६ लाख युनिट वीज देतो. युनिटला ३ रुपये भाव धरला, तरी ही वीज ४८ लाख रुपयांची होते. हे सर्व उत्पन्न नफा नव्हे. त्यातून काही कोटी रुपयांच्या भांडवलाची परतफेड, व्याज, देखभाल व विमा हे सर्व भागवावे लागते आणि पहिली दहा-बारा वर्षे हाती फारसे उरत नाही. परंतु प्रकल्पाचे आयुष्य सुमारे २५ वर्षांचे असते. कर्ज फिटल्यानंतरच्या काळातील उत्पन्न कोणाकडे जाणार, हा खरा प्रश्न आहे. भाडेकरारात ते विकासकाकडे जाते. गावाची संस्था मालक असेल, तर ते गावात राहते.

असे उद्योग उभारण्याचा अनुभव महाराष्ट्राला नवा नाही. विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांनी १९५० च्या सुमारास प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला. त्यानंतरच्या काळात शासनाने सहकारी कारखान्यांना भागभांडवल दिले व कर्जास हमी दिली. लहान शेतकऱ्याला आपल्या उसाच्या बळावर कारखान्याचा मालक होता आले, ते या साहाय्यामुळेच. यांपैकी अनेक कारखान्यांनी पुढे बगॅसपासून सहवीजनिर्मिती सुरू केली आणि गरज भागून उरलेली वीज वीज कंपनीला विकली. सभासदांच्या मालकीची अपारंपरिक वीज या राज्यात अशा रीतीने पूर्वीच अवतरली आहे. सहकारात सभासद उदासीन झाला की कारभार मोजक्यांच्या हाती जातो, हाही अनुभव याच इतिहासात आहे, आणि तो विसरून चालणार नाही.

डेन्मार्कचा अनुभव आणि आपली परंपरा यांचा एकत्र विचार केल्यास काही गोष्टी करण्यासारख्या दिसतात. गावाच्या जमिनीवरील प्रत्येक प्रकल्पात, आराखडा ठरण्यापूर्वीच, रहिवाशांना व गावातील सहकारी संस्थेला भाग घेण्याचा हक्क असावा. प्राथमिक पाहणीच्या खर्चास शासनाची हमी असावी. विविध कार्यकारी सेवा सहकारी संस्था गावोगाव आहेतच. त्यांच्यामार्फत व जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांमार्फत सभासदांना भागखरेदीसाठी दीर्घ मुदतीचे कर्ज मिळावे. विजेचे बिल ठरलेल्या दिवशी चुकते व्हावे, कारण मोठ्या कंपनीला चार महिन्यांचा विलंब सोसता येतो, पण लहान संस्थेचा हप्ता तेवढ्यात थकतो. आणि सभासद खरा आहे की कागदी, याची तपासणी दरवर्षी व्हावी.

यांतील बऱ्याच गोष्टींना शासनाच्या तिजोरीतून मोठा पैसा लागत नाही. लागतो तो नियम, आणि त्या नियमाचे सातत्य. डेन्मार्कमध्ये अनुदान बंद झाले तेव्हा लोकांची मंडळे टिकली, पण भावाची हमी व स्थानिकत्वाची अट गेली तेव्हा ती टिकली नाहीत. धोरण आखणाऱ्यांनी ही एक गोष्ट नजरेसमोर ठेवली, तर आपल्या माळरानांवर येत्या काळात उभ्या राहणाऱ्या प्रकल्पांकडे पाहून गावकरी ‘हे कोणाचे?’ असे न विचारता ‘हे आमचे’ असे म्हणू शकतील. नव्या प्रकल्पांच्या जागा व करार याच काळात ठरत आहेत, आणि एकदा २५ वर्षांचा करार झाला, की मालकीचा प्रश्न पुढल्या पिढीपर्यंत पुन्हा निघत नाही. म्हणून त्याचा विचार आताच व्हावयास हवा.